बेटावरचे ठाणे, खंडावरचे कल्याण

ठाणे स्थानक सोडून कळव्याकडे निघालेली लोकल थोड्याच वेळात खाडीवरच्या पुलावर येते. भूगोलाच्या काटेकोर भाषेत सांगायचे तर या पुलावर बेट संपते आणि खंड सुरू होतो. ठाणे शहराचा जुना, मुख्य भाग साष्टी बेटावर आहे. या बेटाच्या पूर्वेस ठाण्याची खाडी, उत्तरेस उल्हास नदी आणि वसईची खाडी, पश्चिमेस अरबी समुद्र. दक्षिणेस माहीम आणि शीवच्या बाजूचे पाणी होते व त्यापलीकडे मुंबईची सात बेटे. पुलापलीकडची कळवा, मुंब्रा, दिवा, डोंबिवली, कल्याण ही गावे मात्र मुख्य भूमीवर, म्हणजे आशिया खंडावर वसलेली. १९८२ मध्ये स्थापन झालेली ठाणे महानगरपालिका तर एकाच वेळी बेटावरही आहे आणि खंडावरही. या दोन भूमींच्या दरम्यान रोज लाखो माणसे ये-जा करतात. त्यांत मराठी साहित्याचे विद्यार्थी असतात, अध्यापक असतात, लेखकही असतात.

याच विद्यार्थ्यांना वर्गात ‘बेट’ या शब्दाचे सूचितार्थ विचारावेत. उत्तरे बहुधा ठरलेली येतात: एकाकीपण, तुटलेपण, परात्मता. कुणी ‘रॉबिन्सन क्रूसो’चे (१७१९) नाव घेतो, कुणी अस्तित्ववादाचे. साष्टीचे नाव कुणी घेत नाही. यात विद्यार्थ्यांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांना साहित्याचा जो अभ्यास शिकवला जातो, त्यात भूमीला जागाच फार थोडी आहे. कादंबरीच्या अभ्यासात ती ‘वातावरणनिर्मिती’ या मथळ्याखाली येते, कवितेत ‘निसर्गवर्णन’ म्हणून येते, आणि ‘प्रादेशिक साहित्य’ या प्रकरणात बोली, सण, चालीरीती व दारिद्र्य यांच्या मागे पडदा म्हणून टांगलेली असते. आमचे म्हणणे असे की भूरचना ही साहित्यकृतीची पार्श्वभूमी नसून तिच्या अर्थाचा एक घटक आहे. इतकेच नव्हे, तर ती आपल्या शब्दांच्या पोटातही आहे. ती वाचता आली नाही तर साहित्य तेवढे कमी वाचले जाते.

शब्दांपासूनच आरंभ करू. ‘द्वीप’ या शब्दाची पारंपरिक व्युत्पत्ती ‘द्वि’ आणि ‘अप्’ अशी सांगितली जाते. ज्याच्या दोन्ही बाजूंना पाणी ते द्वीप. पुराणांच्या विश्वरचनेत सात द्वीपे आहेत आणि आपण राहतो ते जंबुद्वीप. म्हणजे आज ज्याला आपण खंड म्हणू, तोही त्या कल्पनेत पाण्याने वेढलेले द्वीपच होता. याउलट ‘खंड’ या शब्दाचा मूळ अर्थ तुकडा. ‘भरतखंड’ म्हणताना आपण एका तुकड्याचाच उल्लेख करत असतो. इंग्रजीतील ‘कॉन्टिनेंट’ हा शब्द ज्या लॅटिन धातूवरून आला, त्याचा अर्थ याच्या नेमका उलट आहे: एकत्र धरून ठेवणे, सलग असणे. एकाच वस्तूला युरोपने सलगतेवरून नाव दिले आणि आपण तुटण्यावरून.

१९१५ मध्ये आल्फ्रेड वेगेनरने खंडांच्या उत्पत्तीवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. खंड हे मुळात एकत्र असलेल्या भूमीचे विलग झालेले भाग आहेत, असे त्याचे प्रतिपादन होते. पुढे १९६० च्या दशकात भूपट्ट सिद्धान्ताने ही कल्पना स्थिर केली. प्राचीनांना हे ठाऊक होते, असले दावे आम्हांला करायचे नाहीत. तसे ते ठाऊक नव्हते. पण भाषेने निवडलेला शब्द आणि विज्ञानाने उशिरा काढलेला निष्कर्ष इतके जवळ आलेले पाहून साहित्याच्या विद्यार्थ्याला कुतूहल वाटायला हरकत नसावी. शिवाय दक्षिणेकडच्या ज्या महाभूमीचे हे तुकडे झाले, तिला एड्वर्ड झ्यूस या भूवैज्ञानिकाने एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जे नाव दिले, ते आपल्याच परिसरातले आहे. गोंडवन हा गोंडांचा प्रदेश. त्यात आजच्या विदर्भाचा पूर्वभाग येतो. दक्षिण अमेरिका, आफ्रिका, अंटार्क्टिका, ऑस्ट्रेलिया आणि भारत ज्या एका भूमीचे अंश होते, तिचे जगभर चालणारे नाव एका आदिवासी समाजाच्या नावावरून आलेले आहे. मराठीच्या किती वर्गांत ही गोष्ट सांगितली जाते?

बेट आणि खंड यांतील सीमारेषाही आपण समजतो तितकी पक्की नाही. सुमारे ७७ लाख चौरस किलोमीटरांच्या ऑस्ट्रेलियाला खंड म्हणायचे आणि सुमारे २१.७ लाख चौरस किलोमीटरांच्या ग्रीनलँडला बेट, हा संकेत आहे. युरोप आणि आशिया यांच्यामध्ये समुद्र नसतानाही ते दोन खंड मानले जातात, हाही संकेतच. काळाच्या मापाने पाहिले तर हा भेद आणखी विरघळतो. सुमारे ९ कोटी वर्षांपूर्वी भारत मादागास्करपासून विलग झाला आणि सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी आशियाला येऊन भिडला. मधल्या काळात तो उत्तरेकडे सरकणारे एक मोठे बेटच होता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, याच बेटावस्थेत, त्याच्या पश्चिम भागात लाव्हाचे थर एकावर एक पसरत गेले. आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर प्रदेश त्यांनी व्यापलेला आहे. सह्याद्री, मलंगगड, माथेरान, साष्टीतील कान्हेरीचा डोंगर ही सारी त्याच घडामोडीची अपत्ये. १०६० मध्ये, म्हणजे शके ९८२ मध्ये, अंबरनाथचे शिवमंदिर उभे राहिले तेही याच काळ्या पाषाणात.

‘महाराष्ट्राचा राकट कणखर देह’ असे आपण भाषणांतून सांगत असतो, त्या देहाचा कातळ असा एका प्रवासी बेटावर थिजलेला आहे. गोष्ट येथेच थांबत नाही. बहुतेक भूवैज्ञानिकांच्या मते पृथ्वीच्या पोटातील ज्या उष्ण उगमामुळे दख्खनचा लाव्हा वर आला, त्याच उगमावर पुढे फार उशिरा मॉरिशस आणि रियुनियन ही बेटे घडली. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांवर मजूर म्हणून गेलेली कोकणातली मराठी कुटुंबे एका अर्थाने त्याच उगमाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन राहिली. मॉरिशसच्या मराठी समाजाविषयी लिहिताना आपण ‘सातासमुद्रापार’ हा शब्द सवयीने वापरतो. त्या बेटाचा आपल्या कातळाशी असलेला हा संबंध कुणी मांडल्याचे मात्र क्वचितच वाचनात येते.

आता ‘देश’ हा शब्द पाहू. मराठीत त्याला राष्ट्र याखेरीज दुसरा, जुना आणि रोजच्या वापरातला अर्थ आहे: सह्याद्रीच्या पूर्वेकडचे पठार. ‘देशावरची भाकरी’, ‘देशावरचे पाहुणे’ असे म्हणताना कोकणातल्या माणसाच्या मनात घाटमाथ्यापलीकडचा प्रदेश असतो. हे पठार पूर्वेकडे कललेले आहे. त्यामुळे अरबी समुद्रापासून अवघ्या ८० किलोमीटरांच्या आसपास त्र्यंबकेश्वरी उगम पावणारी गोदावरी त्या समुद्राकडे पाठ फिरवते आणि १,४६५ किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते. भीमा, कृष्णा यांचेही तसेच. लोणावळ्याच्या परिसरात तर ही पाणवाट अगदी डोळ्यांनी पाहता येते. कड्याच्या पूर्वेस उगम पावणारी इंद्रायणी देहू-आळंदीकडे जाते. तेथून काही किलोमीटरांवर, राजमाचीच्या बाजूच्या दऱ्यांतून निघणारी उल्हास पश्चिमेला कोसळते, कर्जत, बदलापूर, कल्याण असा सव्वाशे किलोमीटरांच्या आतला प्रवास करते आणि खाडीत विरते. एकाच ढगाचे पाणी, कड्याच्या या बाजूला पडले तर पैठण-पंढरपूरच्या दिशेने, त्या बाजूला पडले तर आमच्या दिशेने.

मराठी वाङ्मयाच्या इतिहासाचा नकाशा काढला तर त्याचा मोठा भाग या पूर्ववाहिनी नद्यांच्या काठी पडतो. पैठण, नेवासे, पंढरपूर, आळंदी, देहू. लांबलचक, संथ नद्या, त्यांच्या काठची शेती, तीर्थे, पायी वारी शक्य करणारे सपाट पठार, यांचा या घडणीशी संबंध आहे. त्या नकाशात खाडीचा प्रदेश काठावर राहिला. आणि पुढे समीक्षेत ‘देशी’ हा शब्द जेव्हा मुळे धरून असलेल्या, अस्सल साहित्यासाठी रूढ झाला, तेव्हा त्यातला पठाराचा वास कुणाला जाणवला नाही. देशीयतेच्या चर्चेत नांगर आहे, बैल आहे, काळी माती आहे. भरती-ओहोटी, मिठागर, डोल जाळे यांना तेवढे वजन नाही. ही चर्चा चुकीची होती असे आम्ही म्हणत नाही. तिच्या मध्यवर्ती शब्दाला एक ठरावीक भूगोल चिकटलेला आहे आणि तो उघड करून दाखवायला हवा, एवढेच आमचे म्हणणे आहे.

खाडी ही तोडणारी गोष्ट आहे, हा समजही तपासून पाहण्याजोगा आहे. साष्टीच्या मध्यावर कान्हेरीची लेणी आहेत. तेथील प्राकृत शिलालेखांत दाने देणाऱ्यांमध्ये कल्याणची माणसे येतात. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथात याच कल्याणचा बंदर म्हणून उल्लेख आहे. मुख्य भूमीवरच्या व्यापाऱ्यांनी बेटावरच्या डोंगरात लेणी आणि पाण्याची टाकी खोदवून घेतली, ती खाडी अडवत असती तर शक्य झाली नसती. पाणी हाच रस्ता होता. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी ताब्यात आल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराच्या बांधणीसाठी कल्याणची खाडी निवडली, त्यामागेही हाच भूगोल होता: वरच्या अंगाला सागवानाचे जंगल, खालच्या अंगाला समुद्रापर्यंत जाणारे आतले, सुरक्षित पाणी. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून निघालेली पहिली प्रवासी गाडी ठाण्यापर्यंत आली आणि थांबली. १ मे १८५४ रोजी लोहमार्ग खाडी ओलांडून कल्याणला पोचला. त्यानंतर पाण्याची वाट हळूहळू अडथळा वाटू लागली. म्हणजे खाडी ‘ओलांडायची’ वस्तू झाली ती गेल्या पावणेदोनशे वर्षांत. बेट म्हणजे एकाकीपण हे समीकरण आमच्या परिसराने दिलेले नाही. ते पुस्तकांतून आले, आणि स्थानिक पुरावा न तपासता स्वीकारले गेले.

अभ्यासक्रमांत वावरणाऱ्या दोन कादंबऱ्या या दृष्टीने पाहाव्यात. मधु मंगेश कर्णिकांची ‘माहीमची खाडी’ (१९६९) झोपडपट्टीच्या जीवनाचे चित्रण म्हणून शिकवली जाते आणि ते योग्यच आहे. पण झोपडपट्टी खाडीतच का? माहीमची खाडी म्हणजे मुंबई बेट आणि साष्टी यांच्यामधले पाणी. १८४५ मध्ये तिच्यावर माहीमचा बांधरस्ता झाला. भराव, बंदिस्ती, गाळ यांनी ही जागा ना धड जमीन, ना धड समुद्र अशी होत गेली. जिच्यावर कुणी घर बांधू इच्छीत नाही, जिथे भरतीचे पाणी दारात येते, अशी ही जागा. म्हणून ज्यांना अन्यत्र थारा नाही त्यांना ती मिळते. शीर्षकातला भूगोल हा त्या कादंबरीच्या सामाजिक आशयाचा पाया आहे. तो वगळून तिला ‘झोपडपट्टीचे वास्तव’ म्हणणे म्हणजे कारण सोडून परिणाम वाचणे होय.

गो. नी. दांडेकरांची ‘माचीवरला बुधा’ (१९५८) ही दुसरी. मुंबई सोडून राजमाचीवर परतणाऱ्या म्हाताऱ्याची ही कहाणी निसर्गप्रेमाची, साध्या जगण्याची म्हणून वाचली जाते. नकाशा समोर ठेवला की दिसते ते असे: बुधा भराव घालून जोडलेल्या बेटावरून निघून थेट पठाराच्या कडेवर, उल्हासच्या उगमप्रदेशात जातो. माची ही खुद्द भूरचनेची संज्ञा आहे. कड्याच्या खाली आणि दरीच्या वर लाव्हाच्या थराने सोडलेली सपाटी. घाट आणि कोकण, दोन्हींच्या मधली ही पायरी. बुधा ना देशावर राहतो, ना कोकणात. त्याच्या एकटेपणाचे आणि त्याच्या तृप्तीचेही स्वरूप या मधल्या पायरीवाचून समजत नाही. येथे भूगोल कथेला सजवत नाही. कथा त्याच्यावर उभी आहे.

या भूमिकेवर एक गंभीर आक्षेप संभवतो. मराठी समीक्षेने मोठ्या कष्टाने गावाचे गोंडस चित्र पुसले, आणि गाव म्हणजे जात, श्रम, जमिनीची मालकी व सत्ता हे दाखवून दिले. आता पुन्हा खडक, नद्या, खाड्या यांकडे वळणे म्हणजे माणसांमधील अन्याय निसर्गाच्या माथी मारणे नव्हे काय? हा धोका खरा आहे. ‘कोकणी माणूस असा, देशावरचा तसा’ अशा ठोकळेबाज विधानांनी आपले लेखन पुष्कळ भरलेले आहे, आणि भूगोलावरून स्वभाव काढण्याचा तो उद्योग आम्हांलाही मान्य नाही. परंतु भूरचना वाचणे म्हणजे तिला कर्ता मानणे नव्हे. वरचे उदाहरणच घ्या. खाडीचा चिखल कुणालाही गरीब करत नाही. पण गरिबांना नेमके कुठे ढकलले जाते, हे चिखलाच्या नकाशावरच दिसते. गावकुसाबाहेरची वस्ती कुठल्या दिशेला, पाणवठ्याच्या वर की खाली, हा प्रश्न दलित आत्मकथने वाचताना आपण विचारतोच. तो प्रश्न भूगोलाचाही आहे.

हा विषय केवळ वाचनपद्धतीचा असता तर एवढ्या आग्रहाने मांडण्याचे कारण नव्हते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. मिठी नदीने आपले जुने पात्र आणि माहीमची खाडी लोकांना आठवून दिली, आणि इकडे उल्हासच्या पुराने बदलापूर-कल्याणच्या वस्त्या बुडवल्या. २७ जुलै २०१९ रोजी त्याच उल्हासच्या पाण्यात बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बोटींनी बाहेर काढावे लागले. कड्यावरून झटकन उतरणारी नदी, पुढे सपाट किनारपट्टी, आणि मुखाशी भरतीने तुंबणारी खाडी, असा हा उतार आहे. या घटनांवर कविता झाल्या, लेख झाले. बहुतेकांत ‘निसर्गाचा कोप’ होता. नदीचे नाव आणि तिचा उतार फारच थोड्यांत होता. कोप हा शब्द वापरला की उतार पाहावा लागत नाही, भराव पाहावा लागत नाही आणि भराव घालणाराही दिसत नाही. ही भाषेची निष्काळजी आहे, आणि भाषा शिकवणाऱ्यांनी तिच्याकडे काणाडोळा करू नये.

दुसरीकडे, या उताराचे नेमके शब्द आमच्याच वर्गांत बसलेले असतात. दिवा, कोपर, खारीगाव, कोलशेत, बाळकूम येथल्या आगरी आणि कोळी घरांतून आलेल्या विद्यार्थ्यांच्या आजी-आजोबांना भरतीचे ‘उधाण’ आणि ‘भांग’ वेगळे कळतात. भरतीचे पाणी पसरते ती खारी पाणथळ जमीन ‘खाजण’. ती अडवून भात पिकवायचे तर बांध हवा, बांधाला पाणी सोडणारी ‘उघाडी’ हवी. आणि उधाणाने बांध फुटला तर तिथे ‘खांड’ पडते. ही ‘खांड’ म्हणजे ‘खंड’ या शब्दाचेच भावंड. ज्या शब्दाने आपण आशिया मोजतो, त्याच कुळातल्या शब्दाने या माणसांनी शेताच्या बांधाचे फुटणे मोजले. खाजणे बुजली, त्यांवर इमारती आल्या, आणि नावे तेवढी उरली: खारेगाव, रेतीबंदर, घोडबंदर. वर्गात हे शब्द ‘बोलीभाषेचे नमुने’ म्हणून येतात, उच्चारातल्या फरकासाठी. त्यांतले ज्ञान कुणी विचारत नाही. ज्या विद्यार्थ्याकडे हे शब्द आहेत, तो प्रमाण मराठीत बोलायला शिकतो आणि ते घरी ठेवून येतो.

मराठीला ही परंपरा नवी नाही, हेही सांगितले पाहिजे. गोविंद नारायण माडगावकरांनी ‘मुंबईचे वर्णन’ (१८६३) लिहिताना बेटे, खाड्या, भराव यांना शहराच्या चरित्रात स्थान दिले. वि. का. राजवाडे यांनी १९२४ मध्ये ‘महिकावतीची बखर’ संपादून प्रसिद्ध केली, तीत याच उत्तर कोकणातील, साष्टीतील गावे आणि कुळे यांची हकीकत आहे. पहिले पुस्तक आज ‘आरंभीचे गद्य’ म्हणून आणि दुसरे ‘बखर वाङ्मय’ म्हणून प्रश्नपत्रिकेत उतरते. साष्टीच्या महाविद्यालयात शिकवताना ही दोन्ही पुस्तके खिडकीबाहेरच्या जमिनीविषयी आहेत, हे सांगायला वेगळ्या अभ्यास मंडळाच्या मंजुरीची गरज नाही.

म्हणून आमची सूचना साधी आणि करता येण्याजोगी आहे. नेमलेल्या प्रत्येक कथात्म पुस्तकाबरोबर त्या प्रदेशाचा उंचसखलपणा दाखवणारा नकाशा वर्गात लावावा आणि पात्रे कुठून कुठे, चढावर की उतारावर, पाण्याच्या कुठल्या बाजूला जातात, हे विद्यार्थ्यांकडून शोधून घ्यावे. पदव्युत्तर वर्गाच्या प्रकल्पांपैकी काही तरी खाडीकाठच्या एकेका गावाच्या शब्दसंग्रहाला द्यावेत. शब्द, त्याचा अर्थ, आणि तो जमिनीच्या, पाण्याच्या किंवा भरतीच्या कोणत्या अवस्थेला लागू होतो, याची नोंद व्हावी. भूगोल विभाग बहुतेक महाविद्यालयांत एका जिन्याच्या अंतरावर असतो. त्याची मदत मागायला संकोच कशाला?

ठाणे खाडीतील रोहितपक्ष्यांचे अभयारण्य २०१५ मध्ये जाहीर झाले आणि २०२२ मध्ये त्याची रामसर यादीत नोंद झाली. त्या निमित्ताने पक्ष्यांची, कांदळवनांच्या जातींची, गाळाची शास्त्रीय माहिती व्यवस्थित जमा झाली आहे आणि ती इंग्रजीत सहज मिळते. त्याच गाळाला, त्यातल्या निवटीला आणि जिताड्याला, त्यावर चढणाऱ्या पाण्याला मराठीत जी नावे आहेत, ती अजून बहुतांशी सत्तरी ओलांडलेल्या माणसांच्या तोंडी आहेत. ती नोंदवणे हे पक्षितज्ज्ञांचे काम नाही. ते मराठी विभागांचे आहे, आणि त्यासाठी हाताशी असलेली वर्षे फार नाहीत.